आजोबाच्या आडोशानं

तिला सगळेच आत्या म्हणत. भावाची मुलगी म्हणे ते रास्तच होतं, पण नालबंद म्हणे, जनावरांचा डॉक्टर म्हणे, आणि लाकडाच्या वखारीवरचा तिच्याहून म्हातारा रखवालदारही म्हणे. तिचा जबडा उजवीकडे सरकलेला होता. ऐन विशीत एका घोडीनं लाथ झाडली ती थेट तोंडावर बसली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आणि तिकडे जुळत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की मुलगी गुणाची आहे, पण आमच्या मुलाला रोज समोर बसून जेवायचंय. हा निरोप आत्या स्वतःच हसत हसत सांगे, आणि ऐकणाऱ्याची पंचाईत होई. तेव्हापासून ती तोंडाच्या एका बाजूनं बोलायला लागली, म्हणून कमी बोलायला लागली, आणि बापाच्या शेतावरच राहिली. बापामागं शेत धाकट्या भावाकडं आलं. तबेल्याच्या वरची खोली तेवढी तिची होती, ती तिचीच राहिली.

त्या खोलीत एक खाट, एक लोखंडी शेगडी आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले पट्टे नि दोर, एवढाच संसार. जमीन फळ्यांची होती आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. त्या फटीतून खाली उभ्या असलेल्या घोड्यांच्या पाठी दिसत. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोणी चंदी तशीच टाकलीय, कोण खोकतंय, हे तिला खाटेवरून न उठता कळे.

भाऊ घोड्यांची पैदास करी आणि आत्या त्या घोड्यांना माणसांत आणी. त्यातलं सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे नव्या घोड्याला पहिल्यांदा शेताबाहेर काढणं. जन्मापासून एकाच कुंपणात वाढलेल्या जनावराला फाटक म्हणजे जगाचं टोक वाटतं. पलीकडं डांबराचा रस्ता असतो, त्यावर गाड्या असतात, वाऱ्यावर फडफडणारे कागद असतात, आणि यातलं काय खायला उठेल ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून सोबत एक जाणता घोडा घ्यायचा. त्याला रस्त्याच्या बाजूनं चालवायचं, नव्याला आतल्या बाजूनं, म्हणजे येणारं-जाणारं सगळं नवा जाणत्याच्या आडून बघतो. जाणत्याचा कानसुद्धा हलला नाही, की नव्याला वाटतं, असेल बुवा, हे असंच असतं. दोन घोडे, दोन माणसं. आत्या नव्याला धरायची आणि भाऊ जाणत्याला.

हा जाणता घोडा म्हणजे आजोबा. करड्या रंगाचा, पंचविशी उलटलेला, पाठ खोलगट झालेला. शेतावरच्या कितीतरी तरण्या घोड्यांनी पहिला रस्ता त्याच्याच बरगडीला चिकटून पार केला होता. भाऊ म्हणायचा, याच्या अंगावर विमान उतरलं तरी हा आधी गवत संपवील.

भाऊ गेला तो मात्र आजोबाबरोबर असताना नव्हे. एक पिंगट घोडी होती, आत्यानंच तयार केलेली. तिला घेऊन पलीकडच्या वस्तीवर जायचं भावाच्या मनात होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं विचारलं, हिला एकटीला नेऊ का आज? आत्या चहा पीत होती. ती म्हणाली, ने, तयार आहे. वहिनी तिथंच ओट्याशी भांडी पुसत होती. रस्त्यात पत्र्यांनी भरलेला एक ट्रक आला. त्यातला एक पत्रा सुटून वाजत होता. घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि मागच्या मागं भावाच्या अंगावर कोसळली. तो इस्पितळात काही दिवस काढून गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता आणि घोडीला लागलं का, एवढंच विचारत होता. घोडीला खरचटलंही नव्हतं.

वहिनीनं आत्याला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर आत्यानं ऐकून घेतला असता, कदाचित उलट बोलली असती, दोघी रडल्या असत्या आणि कधीतरी ते संपलं असतं. तसं काही झालं नाही. वहिनी फक्त तबेल्यात यायची थांबली. जेवायला दोघी समोरासमोर बसत. लाकडं संपत आलीत, नळ गळतोय, मुलीचा फोन आला होता, एवढंच बोलणं होई. आत्याचं ताट आधी वाढलं जाई, त्यात कधी काही कमी नसे.

घोडी तेव्हा गाभण होती. पुढं ती व्याली. शिंगरू दूध सोडण्याएवढं झालं तसं वहिनीनं सांगितलं की घोडी या आवारात दिसायला नको. आत्यानं लांबच्या एका माणसाला ती देऊन टाकली. शिंगरू राहिलं, कारण ती जोडी भावानं स्वतः जुळवली होती, आणि त्याबद्दल वहिनी काही बोलली नाही. शिंगरू वाढलं, ओल्या मातीच्या रंगाचं, लांब पायांचं. तीन वर्षांचं झालं, दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं, तरी सगळे त्याला शिंगरूच म्हणत. आत्यानं त्याला म्होरकी चढवून घ्यायला शिकवलं, पाय उचलून द्यायला शिकवलं, पाठीवर खोगीर सोसायला शिकवलं. फाटकाबाहेर तेवढं ते गेलं नव्हतं. बाहेर काढायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस उरलं नव्हतं.

असंच चाललं असतं. पण वहिनी थकली. तिनं जमीन दुसऱ्याला कसायला देऊन शहरात मुलीकडं जायचं ठरवलं. बाकीचे घोडे एकेक करून आधीच गेले होते. उरले आजोबा आणि शिंगरू. आजोबाला कोण घेणार? त्याला नव्या माणसानं मागच्या कुरणात मरेपर्यंत राहू द्यावं, असं बोलणं झालं. शिंगराला बघायला शहराच्या वेशीवरच्या घोडेस्वारीच्या शाळेचा मालक आला. माणूस साधा होता, नीट बोलणारा. त्यानं शिंगराचे दात पाहिले, पायांवरून हात फिरवला, चालवून पाहिलं आणि म्हणाला, "जनावर देखणं आहे. पण माझ्याकडं लहान मुलं बसतात. रस्त्याला बुजणारा घोडा मला चालायचा नाही. हिवाळ्याच्या आत याला नाल ठोकून, रस्त्यावरून चालवत माझ्या दारात आणा, मी ठेवून घेतो."

नाही आणलं तर काय, ते कोणी विचारलं नाही. कसाईखान्याची गाडी त्या भागात फिरत असे, आणि ती ओळखू यायला तिच्यावर पाटी लागत नसे.

नालबंदाची कंबर धरल्यापासून तो शेतांवर जात नसे. घोडा त्याच्या दुकानी न्यावा लागे. म्हणजे फाटक, गल्ली, डांबरी रस्ता, वखार, नदीवरचा लोखंडी पूल आणि पलीकडं लगेच दुकान. पहिल्या खेपेला हे जरा जास्तच होतं. पण हिवाळा थांबणार नव्हता. आत्यानं वखारीच्या रखवालदाराला विचारून पाहिलं. तो म्हणाला, माझे गुडघे मलाच घेऊन चालत नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, तर त्यानं नजर चुकवून सांगितलं की तो त्या घोडीच्या पोटचा आहे आणि मला लहान पोरं आहेत.

हे सगळं वहिनीच्या कानावर गेलंच होतं. एका सकाळी ताट ठेवता ठेवता ती म्हणाली, "मी येते, वन्सं."

आत्यानं मान वर केली.

"तुम्ही एकट्या त्याला घेऊन निघाल, मला माहीत आहे. मग परत कोणीतरी मलाच बोलवायला येईल, चला म्हणून."

आता यात आणखी एक गोष्ट होती, ती फक्त आत्याला ठाऊक होती. आजोबा खोकत होता. तसा म्हाताऱ्या घोड्याला खोकला असतोच. पण हा निराळा होता. चंदी अर्धी टाकून तो मान खाली घालून उभा राही. आत्यानं त्याच्या कोपराच्या मागं कान लावून ऐकलं, तर काळीज चालता चालता एक ठोका गाळत होतं, मग दोन घाईघाईनं टाकत होतं. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. डॉक्टरला बोलावलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की याला कुरणापर्यंतसुद्धा नेऊ नका. म्हणून तिनं डॉक्टरला बोलावलं नाही. आजोबाच्या अंगाला तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ खरारा केला, आयाळीतल्या गाठी सोडवल्या, आणि खाली बसून त्याचे चारही खूर साफ केले. वहिनीला ती एक अक्षर बोलली नाही.

निघाल्या तेव्हा धुकं होतं. आत्याचा कोट जुना, कोपराशी फाटलेला; वहिनीनं नवऱ्याचे बूट घातले होते, त्यात मोज्यांच्या दोन जोड्या कोंबून. तबेल्याच्या दाराशी येऊन ती जरा थबकली. मग आत आली, आजोबाची म्होरकी धरली आणि सवयीनं त्याच्या नाकावर हात ठेवला. आजोबानं तिच्या खिशाचा वास घेतला. खिशात काही नव्हतं.

फाटकाशी शिंगरू थांबलं. पुढचे पाय रोवले, मान उंच केली, नाकपुड्या फुगवल्या. आजोबा आपल्या चालीनं बाहेर पडला आणि धुक्यात विरत चालला. तसं शिंगरू खिंकाळलं आणि दोन उड्यांत त्याच्या बरगडीला जाऊन भिडलं. आत्याला पळावं लागलं.

गल्लीत काही झालं नाही. डांबरावर पहिला पाय पडला, तसं शिंगरू स्वतःच्याच टापेच्या आवाजाला दचकलं. उभं राहिलं. दुसरा पाय टाकला, पुन्हा तोच आवाज. आत्या त्याला हलक्या आवाजात शिव्या देत होती. घोड्यांशी ती असंच बोले, आणि शिव्या ऐकून घोडे शांत होत. शाळेची बस गेली, मोटारी गेल्या, एक मोटारसायकल फटफटत गेली. प्रत्येक वेळी शिंगरू थरथरलं आणि आजोबाकडं बघत चालत राहिलं.

वखारीत करवत चालू होती. लाकडात घुसताना ती जी किंचाळते, ते ऐकून शिंगरानं मागचा भाग असा फिरवला की आत्याच्या पायावर खूर पडला आणि खांद्याला हिसका बसला. तिनं दोर सोडला नाही. ती काही सांगणार, तोच वहिनीनं आजोबाला आडवा घातला, वखार आणि शिंगरू यांच्या मधे भिंतीसारखा. कोणी न सांगता. नवऱ्याच्या सोबतीनं केव्हातरी हे सगळं तिनं पाहिलेलं होतं आणि विसरली नव्हती. फाटकातून रखवालदार म्हणाला, "आत्या, तुम्ही त्याला नेताय का तो तुम्हाला?"

"वळणावर ठरवू," आत्या म्हणाली, आणि वहिनीच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणण्याएवढं नव्हतं ते.

आत्याचं लक्ष मात्र आजोबाच्या धपापणाऱ्या पोटाकडं होतं. थंडी असून त्याच्या मानेला घाम होता. पूल समोर दिसत होता. मागं फिरावं, असं तिच्या मनात आलं. ते तिनं नंतर कबूलही केलं. पण शिंगरू चालत होतं, चांगलं चालत होतं, आणि आज मागं फिरवलं तर उद्या ते फाटकाबाहेर येईल याचा भरवसा नव्हता. ती पुढं चालत राहिली.

पूल लोखंडी होता. खाली जाडजूड पत्रे टाकलेले, त्यांवर पाय पडला की घुमायचं. आजोबा त्यावरून शेकडो वेळा गेला असेल. मध्यावर आला आणि उभा राहिला. वहिनीला वाटलं, म्हातारा अडला. तिनं दोर ओढला. आजोबानं चारही पाय फाकवले, जणू होडीत उभा आहे. मग मागचे पाय दुमडले आणि तो कुत्र्यासारखा बसला. घोडा असा बसलेला वहिनीनं कधी पाहिला नव्हता. क्षणभर तो तसाच बसून समोर बघत राहिला आणि कठड्यावर कोसळला. सगळा पूल वाजला.

शिंगरू मागच्या दोन पायांवर उभं झालं. दोर आत्याच्या तळव्यातून सरकत गेला. शेवटच्या गाठीला तिनं तो धरला, आणि त्या हिसक्यासरशी तिच्या खांद्यात काहीतरी निखळलं. तो आवाज तिला स्वतःला ऐकू आला. शिंगरू खाली आलं, पुन्हा उठलं, खाली आलं, पत्र्यांवर घसरलं, सावरलं. आणि मग, पळून जायच्या ऐवजी, ते पुढं झालं आणि आजोबाच्या मानेत नाक खुपसून उभं राहिलं. सगळं अंग थरथरत होतं.

दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या. कोणीतरी हॉर्न दिला, कोणीतरी त्याला गप्प केलं. एका माणसानं डॉक्टरला फोन लावला.

"धर," आत्या म्हणाली आणि दोर वहिनीपुढं केला.

"मी?"

"माझा हात गेलाय."

वहिनीनं दोर घेतला. आत्या पत्र्यावर गुडघे टेकून बसली आणि चांगल्या हातानं आजोबाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा श्वास चालू होता. मोठा, खरखरत येणारा. डोळा उघडा होता. ती त्याच्याशी काही बोलली नाही, एक शिवीसुद्धा दिली नाही.

वरून वहिनीचा आवाज आला, अगदी साधा, जेवताना नळाबद्दल बोलावं तसा.

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं याला बरं नाही?"

"हो."

"कधीपासून?"

"आठवडा झाला."

"तरी आणलात."

"याच्याशिवाय ते बाहेर पडलं नसतं."

शिंगरू दोर ताणत होतं, वहिनी त्याच्याबरोबर इकडंतिकडं होत होती, पण बोलणं तिनं सोडलं नाही.

"त्या दिवशीही तुम्हीच म्हणालात. ने, तयार आहे."

"म्हणाले."

"तयार होती का?"

आत्यानं वर पाहिलं. वाकडा जबडा हलला.

"मला वाटलं होतं."

"वाटलं होतं," वहिनी म्हणाली.

डॉक्टर आला. बसून त्यानं आजोबाच्या छातीला नळी लावली, हिरड्यांवर बोट दाबून पाहिलं. त्याला आता उठवता येणार नव्हतं. हळूहळू जाईल, किंवा मी सुई देतो, तो म्हणाला. पण सुईच्या वेळी पाय झाडेल, तेव्हा हे तरणं आधी इथून हलवा.

मागं गाड्यांची रांग होती; पुढं दुकान जवळ होतं. आत्या म्हणाली, "वहिनी, त्याला नालबंदाकडं घेऊन जा."

"एकट्याला? आजोबाशिवाय?"

"आजोबाशिवाय."

"मला ते ओढून नेईल."

"नेईल. जिकडं नेईल तिकडं जा, पण सोडू नकोस. आणि हाताला दोर गुंडाळू नकोस, बोटं जातील."

वहिनीनं शिंगराचं नाक आजोबाच्या मानेतून सोडवलं. ते येईना. तिनं खांदा लावून त्याला ढकललं, म्होरकी धरून फिरवलं, आणि ते मागं मान वळवत, तिरकं तिरकं, खिंकाळत निघालं. आत्याला फक्त त्याचे मागचे पाय आणि भावाचे बूट दिसत होते. मग तेही दिसेनासे झाले आणि पत्र्यांचा आवाज तेवढा राहिला. मधेच तो फार जोरात झाला, कोणीतरी ओरडलं. मग आवाजच थांबला. वहिनी पूल ओलांडून गेली होती, किंवा दोर सुटला होता. पुलावर बसल्या जागी यातलं काय ते कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टरनं सुई दिली. आजोबानं पाय झाडले नाहीत. एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही.

डॉक्टरनं तिथंच कठड्याला टेकवून आत्याचा खांदा बसवायचा प्रयत्न केला. म्हणाला, मी जनावरांचा आहे. आत्या म्हणाली, चालेल. पण खांदा काही नीट बसला नाही. त्यानं स्वतःच्या गळपट्ट्यानं तिचा हात गळ्यात बांधला. वखारीतून ट्रॅक्टर आला. आजोबाच्या पायांना साखळी बांधून त्याला पुलावरून ओढून नेलं. लोखंडावरून कातडं घासत गेलं त्याचा आवाज झाला. आत्यानं ते सगळं पाहिलं. मग ती दुकानाकडं चालायला लागली.

दुकानात भट्टीजवळ एका उपड्या बादलीवर वहिनी बसली होती. गुडघे फुटले होते, दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती आणि नालबंदाची बायको त्यांवर गार पाणी ओतत होती. शिंगरू कोपऱ्यात कडीला बांधलेलं, अंगावर वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे. नालबंद सांगू लागला की बाई रस्त्यावर पडल्या, फरफटत आल्या, पण दोर काही सोडला नाही. आज याच्या पायात मी काही घालणार नाही, तो म्हणाला, नाहीतर हाच माझ्या डोक्यात घालील. त्यानं फक्त खूर तासले. शिंगरानं पाय उचलून दिले, एकेक करून, न कुरकुरता. आत्या त्याच्या डोक्याशी उभी होती. वहिनी तिच्याकडं बघत नव्हती.

परतताना पुलावर माती टाकलेली होती. शिंगरू तिथं आलं आणि थांबलं. नाक खाली नेलं, वास घेतला. मग मान वर करून हाक मारली, आणि कान टवकारून उत्तराची वाट बघत उभं राहिलं. दोघींनी त्याला ओढलं नाही. एकीचा खांदा गेलेला, दुसरीचे तळवे. दोर कसाबसा दोघींत मिळून धरलेला. नदीवरून गार वारा येत होता. शिंगरानं किती वेळा तरी हाक मारली. शेवटी ते स्वतःच निघालं, आणि घरापर्यंत कशालाही बुजलं नाही. वखार आली, करवत किंचाळली, त्यानं कानही हलवला नाही.

शिंगरू रस्त्याला लागलं ते असं. आठवड्याभरात त्याला नाल बसले. आत्याच्या गळ्यातल्या हातामुळं शाळेपर्यंत त्याला वहिनीच घेऊन गेली. मालकानं शब्द पाळला. पुढं काही वर्षं मुलं त्याच्यावर बसून गोल गोल फिरली. मग ती शाळा बंद पडली, घोडे कुठं कुठं गेले, आणि शिंगराचं काय झालं ते नक्की कोणालाच सांगता आलं नाही. आत्यानं चौकशी केली होती. एकानं एक गाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. तिसरा काही सांगेना, तेव्हा तिनं विचारायचं सोडलं.

शेत दिल्यावर आत्या नालबंदाच्या दुकानामागच्या खोलीत राहिली. तो खूर तासायचा, ती घोड्याचं डोकं धरायची, एकाच हातानं. दुसरा खांद्याच्या वर कधी गेला नाही. लोक आपले तरणे घोडे आणत आणि विचारत, आत्या, हा रस्त्यावर काढण्याजोगा झालाय का? ती म्हणे, मला विचारू नका. लोकांना वाटे, म्हातारी भाव खातेय. नालबंदानं दुकान गुंडाळलं तेव्हा भावाची मुलगी येऊन तिला शहरात घेऊन गेली.

तिथं चौथ्या मजल्यावर, मुलीच्या घरात, एका खोलीत दोन पलंग होते. एक वहिनीचा, एक आत्याचा. मधे एक लहान टेबल, त्यावर दोघींची औषधं, आणि कोणाची कुठली यावरून रोजची खडाजंगी. आत्याला खिडकी उघडी लागे, वहिनीला बंद. मुलगी म्हणे, तुम्ही दोघी नवरा-बायकोपेक्षा जास्त भांडता. खरं म्हणजे शेतावर त्या कधी भांडल्याच नव्हत्या.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. वहिनी आडवी होती, डोळे मिटलेले, आत्याला वाटलं झोपली. तेवढ्यात ती म्हणाली, "वन्सं, पुलावर मी जे बोलले ना."

"बरोबर बोललीस."

"बरोबर होतं ते मला माहीत आहे." वहिनीनं डोळे उघडले नाहीत. "तीन वर्षं उशीर केला बोलायला. रोज ताट वाढत होते तुम्हाला, आणि रोज मनात तेच."

खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या, एकसारख्या. थोड्या वेळानं वहिनी म्हणाली की आता खिडकी लावा, मला थंडी वाजतेय. आत्या उठली, चांगल्या हातानं खिडकी ओढून घेतली, आणि दुसरा हात वरच्या कडीपर्यंत जाईना म्हणून तशीच धरून उभी राहिली.